बोटभर सैल गाठ

फोन आला तेव्हा मी विंझरला, भावाच्या नातीच्या बारशात, पाळण्याची दोरी हातात धरून बसले होते. नाव काय ठेवायचं यावरून बायकांची आपसात जुंपली होती आणि माझी पर्स कुणाच्या तरी मांडीखाली वाजत होती. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा वहिनीनं ती ओढून काढली आणि माझ्या हातात दिली. आपांच्या शबानाचा फोन होता. "बाई, अम्मी गेली," एवढंच ती म्हणाली... मग थोडं थांबून, "पाचाच्या सुमाराला, असरच्या नमाजनंतर नेनार हायेत. तुमी या." मी दोरी वहिनीकडे दिली, पाळण्यातल्या पोरीच्या कपाळाला बोट लावलं आणि कुणाला फारसं काही न सांगता रस्त्यावर येऊन उभी राहिले. नसरापूरला एक गाडी बदलली, कापूरहोळला दुसरी. सगळ्या वाटेत एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. माझा नवा ब्लाउज आपांकडे होता. हूक लावायचे राहिले होते, म्हणून मी जुनाच घालून बारशाला गेले होते. "आल्यावर न्या," असं आपा आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या आणि मी येत होते.

भोरला पोहोचले तर दारात चपलांचा ढीग. पुरुष बाहेर, बायका आतल्या शिवणाच्या खोलीत. बसायला जागा करायची म्हणून गल्लीतल्या मुलींनी मशीन भिंतीला सरकवलं होतं, कापडांची गाठोडी माळ्यावर टाकली होती आणि दोघीजणी खिडकीतला पत्र्याचा डबा उचलायला वाकल्या होत्या. रडून रडून शबानाला आवाज उरला नव्हता, पण तेवढ्यात ती अशी ओरडली की सगळ्या दचकल्या. "ती न्हाई. त्या वेलीला हात लावू नका. ती जागची हलवायची न्हाई." मुली मागे सरल्या. त्या एका वेलीपायी आम्ही सात-आठ बायका तिथं अंग चोरून, एकमेकींच्या पदरावर बसलो. आपा असत्या तर त्यांनीही आम्हाला तसंच बसवलं असतं.

आपा म्हणजे जमिलाआपा. भोरमधल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्यांच्या मशीनखालून गेलेले आहेत. त्यांचे पती रहीमभाई एसटी स्टँडजवळ सायकलचं दुकान चालवायचे. मी तेवीस वर्षांची असताना शाळेत पहिलीच नेमणूक मिळून विंझरहून इथं आले आणि त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला लागले. भाऊ ट्रंक आणि स्टोव्ह ठेवून परत गेला. मी रडू आवरत उंबऱ्यात उभी होते. आपांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "बाई, ह्यो ब्लाउज कुनी शिवला? श्वास तरी घेता येतोय का ह्याच्यात?" मला रागच आला. ब्लाउज माझ्या आईनं शिवून आणलेला होता. पण खरंच, काखेत काचत होता आणि मला ते घर सोडल्यापासून कळत होतं. आपांनी गळ्यातली टेप काढली आणि तिथंच माझं माप घेतलं. टेप आवळताना त्या अंग आणि टेप यांच्यामध्ये स्वतःचं एक बोट घालायच्या. दंडाला, छातीला, सगळीकडे. "बोटभर सैल ठिवायचं. मानूस दिवसभर वाकतंय, उठतंय, त्याला जागा नको व्हय?" पुढच्या सगळ्या वर्षांत मी दुसऱ्या कुणाकडे ब्लाउज शिवला नाही.

मी मास्तरीण म्हणून त्या मला 'बाई' म्हणायच्या आणि 'तुमी' करायच्या. मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. मला ते अवघड व्हायचं. "आपा, मला अगं-तुगं करा हो," असं मी किती वेळा म्हटलं, पण त्या ऐकायच्या नाहीत. "पोरास्नी शिकवता ना? मग तुमी तुमीच," म्हणायच्या.

तर ही वेल. तिचं नाव होया, हे मला पुष्कळ वर्षांनी एका नर्सरीवाल्याकडून कळलं. आपा तिला मेणाची वेल म्हणायच्या आणि ते नाव जास्त खरं वाटायचं. पानं जाड, हाताला गुळगुळीत. फुलं लहान चांदण्यांसारखी, फिकट गुलाबी, मध्ये गडद लाल ठिपका, आणि अशी वीस-पंचवीस फुलं मिळून एक चेंडू. हात लावला तर कुणीतरी मेण ओतून बनवल्यासारखी वाटावीत. संध्याकाळ झाली की त्यांना गोडसर वास सुटायचा आणि मधाचे बारीक थेंब खालच्या फरशीवर पडायचे. ही वेल आपांना एका डॉक्टरीणबाईंनी दिली होती. त्यांच्या नवऱ्याची बदली झाली, सामान ट्रकात भरलं, तेव्हा वेलीला कळ्या लागलेल्या होत्या. ट्रकात घातली असती तर सगळ्या कळ्या गळाल्या असत्या. म्हणून त्यांनी ती तशाच उजेडाच्या, आपांच्या खिडकीत आणून ठेवली आणि तिचं सगळं शास्त्र समजावून गेल्या. रहीमभाईंनी सायकलची एक जुनी रिंग आणून डब्यात उभी करून दिली. तिच्यावरून वेल गोल फिरली. गल्लीतून जाणारा माणूस खिडकीकडे एकदा तरी बघायचाच.

वेल रिंगेला धरून राहावी म्हणून आपा तिला चिंध्यांनी बांधायच्या. ब्लाउज कापून उरलेल्या पट्ट्या. त्यामुळे ती वेल म्हणजे आख्ख्या पेठेची यादी होती. ही जांभळी पट्टी दूधवाल्याच्या सुनेची, ही जरीची तहसील कचेरीतल्या मॅडमच्या मुलीच्या लग्नातली, ही मळकी पांढरी एका म्हाताऱ्या आजींची. गाठ मारतानाही आपा वेल आणि चिंधीमध्ये बोट घालून बघायच्या. बोट गेलं तर गाठ बरोबर, नाहीतर सोडून परत. "आज काडी हाय, उद्या जाड व्हईल. आवळून बांधली तर तिथंच कापली जाईल."

शाळेतून आल्यावर मी त्या खोलीत जाऊन बसायची. मशीनचा आवाज, आपांच्या तोंडात टाचण्या, आणि मधेच एखादा धडा. ह्या वेलीला डबा लहानच हवा, मोठ्यात घातली की नुसती मुळं वाढवत बसते. पाणी रोज नको. पान दोन बोटांत धरून दाबायचं, ताठ असलं तर राहू द्यायचं, मऊ लागलं तर घालायचं. ऊन सकाळचं. आणि कळ्या आल्या की डबा इंचभरसुद्धा फिरवायचा नाही, उजेडाची बाजू बदलली की ती कळ्या टाकते. मी शेतकऱ्याची पोर, मला हसू यायचं. आमच्याकडे भाताचं रोप एका वाफ्यातून उपटून दुसऱ्या खाचरात लावतात तेव्हा कुठं त्याला जोम धरतो. आणि ही एवढी नाजूक बया. "नाजूक न्हाई, हट्टी हाय," आपा म्हणायच्या. "हट्टी मानसाला त्याच्या कलानं घ्यावं लागतंय."

मी येऊन दोन वर्षं झाली असतील, तेव्हा सारोळ्याला आपांच्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण आलं. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. आपा लहानग्या शबानाला घेऊन चाळीस दिवसांसाठी तिकडे गेल्या. थंडीचे दिवस होते. जाताना शिवणाच्या खोलीची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. रहीमभाईंना दिली नाही, मला दिली, याचा मला केवढा अभिमान वाटला होता. "पान दाबून बघा आन् मगच पानी घाला. हलवू नका. बाकी काय न्हाई," एवढं सांगून त्या टेम्पोत बसल्या.

मी पान दाबून बघत होते, पाणीही बेतानं घालत होते. पण तेवढ्यावर माझं समाधान होईना. आपा परत येतील तेव्हा वेल कशी लख्ख दिसली पाहिजे. एका रविवारी मी ओल्या फडक्यानं पान न् पान पुसलं. पुसताना दिसलं की जागोजागी बोटाच्या पेराएवढी, वाळकी वाटणारी, ओबडधोबड देठं तशीच राहिली आहेत. गेल्या उन्हाळ्यातली फुलं गळून गेली, देठं मागे उरली. आमच्या विंझरच्या परसात शेवंती आणि झेंडू असायचा. आई वाळलेलं फूल दिसलं की देठासकट खुडून टाकायची. वाळकं ठेवलं की झाड त्याच्यातच जीव घालवतं, असं ती सांगायची. मी मशीनच्या खणातली धागे कापायची छोटी कात्री घेतली आणि एकेक देठ मुळापासून कापलं. तेरा निघाली. कापलेल्या जागी पांढरा चीक आला, तो चिंधीनं टिपला. कात्री चिकट झाली, ती जमेल तशी पुसून खणात ठेवली. वेल इतकी नीटनेटकी दिसायला लागली की मी खोलीच्या दारात उभं राहून तिच्याकडे बघत बसले.

आपा आल्या त्या दुपारी मी शाळेतून धावतच घरी आले. त्या बुरखासुद्धा न काढता खिडकीशी उभ्या होत्या. पाठमोऱ्या. मी म्हटलं, "आपा, कशी काय आहे वेल?" त्या रिंगेवरून हात फिरवत होत्या, एका ठिकाणी थांबत होत्या, मग पुढच्या. मला वाटलं, आनंदानं सुचत नाही त्यांना. मग त्या वळल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "दमलीस का गं? लई काम केलंस."

आपांनी मला 'तू' म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं. विंझरला पत्र लिहिलं त्यातही हे लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आपा ओट्यावर बसून ती छोटी कात्री रॉकेलच्या बोळ्यानं पुसत होत्या. मला बघून म्हणाल्या, "गंज धरला होता." त्याच आठवड्यात माझा मोहरी रंगाचा ब्लाउज त्यांनी कापला आणि उरलेल्या पट्ट्या घेऊन वेलीला बऱ्याच गाठी मारल्या. "एवढ्या कशाला?" मी विचारलं. "जुन्या झिजल्यात," म्हणाल्या. माझं कापड एवढ्या ठिकाणी बांधलेलं बघून मी पुन्हा एकदा फुगले.

त्या उन्हाळ्यात वेल फुलली नाही. पुढच्याही नाही. तिसऱ्याही नाही. पानं हिरवीगार, नवे शेंडे लांबच लांब, पण फुलाचा पत्ता नाही. शिवणाला येणाऱ्या बायका विचारायच्या, "आपा, काय झालं हो हिला?" आपांचं उत्तर ठरलेलं. "म्या चाळीस दिस सोडून गेले न्हवं का, रुसलीय." मीही त्यांना चिडवायची, "बघा, तुमच्यासारखीच आहे. एकदा रुसली की झालं." त्या हसायच्या.

तिसऱ्या वर्षी त्या डॉक्टरीणबाई पुण्याहून आल्या, मुद्दाम वाट वाकडी करून, आपली वेल बघायला. मी खोलीतच बसले होते. त्यांनी पर्स खाली ठेवली न ठेवली तोच आपा मला म्हणाल्या, "बाई, जरा चहा टाकता का?" मला ते लागलं. एवढ्या वर्षांत आपांनी मला कधी पाण्याचा तांब्यासुद्धा आणायला सांगितला नव्हता, आणि आज पाहुण्यांसमोर स्वयंपाकघरात पिटाळलं. मी आधण ठेवलं, कान मात्र बाहेर. डॉक्टरीणबाईंचा आवाज चढलेला. "अहो, असं कसं केलंत? एवढं सगळं सांगून गेले होते मी तुम्हाला." आणि आपांचा खालचा आवाज, "माज्याच हातून झालं, ताई. चुकलं माजं." ते ऐकून माझं डोकं असं फिरलं... कोण कुठली बाई, वेल टाकून निघून गेली, आणि आता येऊन आपांना बोलते. मी चहाचे कप आदळूनच त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हटलं, "आपा जेवढं जपतात ना हिला, तेवढं दुसरं कुणी जपणार नाही." डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. आपा खाली बघून चहा बशीत ओतत होत्या. मला वाटलं, मी कशी बाजू घेतली, म्हणून त्यांना भरून आलंय.

चौथ्या वर्षी नव्या शेंड्यांवर फुलं आली. त्याच वर्षी माझं लग्न ठरलं आणि मी भोरातच पलीकडच्या आळीत राहायला गेले. लग्नाचे ब्लाउज आपांनी शिवले हे सांगायला नकोच. शाळेत मी तोवर बाग सुरू केली होती. पोरांनी घरून आणलेले तेलाचे डबे, फुटके माठ, बादल्या, त्यांत गोकर्ण, सदाफुली, जास्वंद. काही मेली, बरीच जगली. मी कुठल्याही झाडाला न घाबरता हात घालायची. आपा शाळेवरून जाताना फाटकाशी थांबायच्या आणि ज्याला त्याला सांगायच्या, "बाईंच्या हाताला गुन हाय." मी निवृत्त झाले त्या दिवशी मुलांनी मला हारतुऱ्याऐवजी रोपं दिली. आजही माझ्या गच्चीत पाय ठेवायला जागा नाही.

फक्त मेणाची वेल नाही. तीनदा मागितली मी. पहिल्यांदा आपा म्हणाल्या, "तुमी बदलीवाल्या. हिला जागा बदललेली चालत न्हाई." बदली काही झाली नाही. आम्ही घर बांधलं तेव्हा पुन्हा मागितली. "नव्या भिंती वल्या असत्यात, दम धरा." मग एकदा म्हणाल्या, "पावसाळा जाऊ द्या." पावसाळे किती गेले. दूधवाल्याच्या सुनेला फांदी मिळाली, कॉलेजातल्या एका शिपाईमामांना मिळाली, मला नाही. मी पुढं मागणं सोडून दिलं, पण मनात अढी राहिली ती राहिलीच. आपल्या माणसाला लोक सगळं देतात, मग मी त्यांची कोण, असं एकदा नवऱ्याजवळ बोलूनही गेले. तो म्हणाला, रोज संध्याकाळी तिथंच तर असतेस, फांदी हवीय कशाला? मला त्याचा राग आला.

रोज संध्याकाळी मी तिथंच असायची, हे मात्र खरं. रहीमभाई गेले, शबाना लग्न होऊन सारोळ्याला गेली, आपांचे गुडघे धरले, मग दम लागायला लागला. मशीन सुटलं नाही. सुई मी ओवून द्यायची, त्या पायडल मारायच्या. गप्पा संपल्या की आम्ही नुसत्या बसायचो. फुलं असली की वास यायचा, नसली तर नाही.

पंधरा दिवसांपूर्वी आपांचा चाळीसावा झाला. लोक गेल्यावर शबाना मला खिडकीशी घेऊन गेली. घर आता बंद राहणार, ती सारोळ्याला परतणार. तिनं पदराची गाठ सोडून किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. "अम्मीनं सांगून ठिवलंय. वेल जागची हलवायची न्हाई. किल्ली बाईंकडं." मग तिनं मला वेलीचं शास्त्र सांगायला सुरुवात केली, जणू मी नवखीच. पान दाबायचं, पाणी बेतानं, डबा फिरवायचा नाही. मी मान डोलवत होते. "आन् बाई, फूल गळलं तरी देठ काढायचं न्हाई बरं का. त्याच देठाला दरसाल फिरून फूल येतं. देठ कापलं की तिथलं फूल गेलं ते गेलंच."

मी मशीनच्या स्टुलावर बसले. तेरा देठं... चिकट कात्री, रॉकेलचा बोळा. चहा टाकता का. माज्याच हातून झालं, ताई. आणि मी त्या बाईंच्या पुढ्यात आपटलेले कप. सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं आणि मला शबानाकडे बघवेना. त्यामागून दुसरा विचार आला, तो जास्त बोचरा. म्हणून फांदी दिली नाही. म्हणूनच. एकदा नासधूस केलेल्या हातात कोण देईल?

"शबाना," मी म्हटलं, "ती देठं मी कापली होती गं."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. जवळ येऊन खाली बसली. "म्या मोठी झाल्यावर अम्मीला इचारलं होतं, की बाईंना सांगितलं का न्हाईस. तर म्हनली, हौसेनं केलंय तिनं. आता सांगितलं तर पुन्यांदा कुठल्या झाडाला हात लावायची न्हाई."

माझ्या डोळ्यांसमोर शाळेतले डबे आले, एकामागून एक. मी विचारलं, "मग मला फांदी का नाही दिली?"

शबाना त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. अगदी आपांसारखी, ओठ मिटून. "आवो बाई, फांदी दिली असती तर तुमी रोज सांजच्याला आला असता व्हय हितं?"

मग तिनं मला रिंगेजवळ ओढलं. "हे बघितलंय का कदी?" वेलीच्या जुन्या, जाड झालेल्या भागावर गाठी होत्या. एवढी वर्षं मी त्यांच्यासमोर बसत होते, पण बसत होते आपांकडे तोंड करून. शबानानं नखानं एक गाठ हलकेच बाजूला सारली. वरची पट्टी निळी, माझ्या मागच्या दिवाळीच्या ब्लाउजची. तिच्याखाली लिंबू रंगाची, निवृत्तीच्या समारंभातली. तिच्याखाली विटकरी, त्याखाली बाटलीहिरवी, लग्नातली. आणि सगळ्यांत आत एक विरून जाळी झालेली मोहरी रंगाची चिंधी, आणि तिच्याखाली वेलीच्या सालीवर एक लहानसा व्रण. दुसरी गाठ पाहिली, तेच. तिसरी. बाकीच्या वेलीवर साऱ्या पेठेचं कापड होतं. या तेरा जागी फक्त माझं. जुनी पट्टी विरली की आपा त्या वर्षीच्या माझ्या ब्लाउजची नवी बांधत गेल्या होत्या.

"पुन्यांदा तिथं कुनी कात्री लावू नये म्हनून निशानी, असं म्हनायची," शबाना म्हणाली. "म्या म्हनलं, निशानीच करायची तर बाईंचंच कापड कशाला? तर पायडल मारायला लागली."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. पण ते रडणं पश्चात्तापाचं होतं असं म्हणवत नाही. आपल्या चुकीवर कुणी इतकी वर्षं आपल्याच कापडानं पट्टी बांधत राहिलं आणि आपल्याला त्याची झळ लागू दिली नाही, हे ज्याच्या वाट्याला आलं त्यानं पश्चात्ताप करत बसणं म्हणजे आपांचा सगळा खटाटोप वाया घालवणं. आपा, तुमचे आभार मानायचे राहिले. ते आता इथं मानते.

शबाना गेली. आता रोज संध्याकाळी मी कुलूप काढते, खिडकी उघडते, पान दाबून बघते. दोन जुन्या देठांना बारीक बारीक कळ्या धरल्या आहेत, म्हणून डब्याला धक्का लागेल अशी मी झाडूसुद्धा मारत नाही. माझा तो ब्लाउज मशीनवरच घडी करून ठेवलेला होता. हूक मी लावले, वाकडेतिकडे लागले. घालून पाहिला, श्वास नीट घेता येतो. काल एक नवा शेंडा रिंग सोडून खिडकीच्या गजाकडे निघालेला दिसला. खणात त्याच ब्लाउजच्या उरलेल्या पट्ट्या होत्या, आपांनी कापून, गुंडाळी करून ठेवलेल्या. एक काढली. शेंडा रिंगेवर आणला, गाठ मारली आणि आत बोट घालून पाहिलं. गेलं नाही. सोडली आणि परत मारली.

या वेळी गेलं.